तिसऱ्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत

कोल्हापूरच्या शाहूपुरीतील आमच्या औषधांच्या दुकानात मूल होण्यासाठी दिलेल्या लेट्रोझोल या गोळीची चिठ्ठी घेऊन येणारी स्त्री बहुधा गर्दी ओसरण्याची वाट पाहत एका बाजूला उभी राहते. काउंटरवर सासरे किंवा दुकानातील मुलगा असेल, तर ती डोकेदुखीच्या गोळीची किंमत विचारून वेळ काढते आणि मी पुढे आले की घडी घातलेला कागद सरकवते. कागदावर एकच ओळ असते : अडीच मिलिग्रॅमची गोळी, रोज एक, पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत. मी स्ट्रिपमधून पाच गोळ्या कापून कागदी पाकिटात घालते, पाकिटावर पाचही दिवसांच्या तारखा निळ्या पेनाने लिहिते आणि तेवढ्या वेळात तिचा प्रश्न येतो. गारगोटीहून आलेल्या एका मुलीने तो गेल्या महिन्यात असा विचारला : ‘‘वहिनी, दवाखान्यातनं थेट हिकडंच आलो. ही कॅन्सरची गोळी हाय म्हणं, मोबाईलवर बघितलं. मग मला का दिलीया?’’

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो २०१० मध्ये, आणि तेव्हा मी त्याचे उत्तर चुकीचे दिले. फार्मसीची पदविका घेऊन, लग्न होऊन मी नुकतीच या दुकानात बसू लागले होते. लेट्रोझोल म्हणजे रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनाच्या कर्करोगावरील औषध, एवढेच मला ठाऊक होते. ‘‘डॉक्टरांना एकदा परत विचारून या,’’ असे मी त्या बाईला सांगितले, आणि माझ्या चेहऱ्यावरची शंका तिने वाचली असावी. ती परत आली नाही. ती कोण होती, तिने पुढे काय घेतले, तिला दिवस राहिले की नाही, यातले काहीही मला कळले नाही. पण तिच्या हातातील जांभळी पिशवी मला अजून आठवते.

दुसरा प्रश्न माझ्या सासूबाईंचा. आमच्या घरात मला आणि माझ्या धाकट्या जावेला, दोघींनाही पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, आहे. मला २०१२ मध्ये क्लोमिफेन हे बीज सुटण्यासाठीचे जुने औषध दिले गेले आणि तिला २०१९ मध्ये लेट्रोझोल. मला मूल व्हायला अडीच वर्षे लागली, तिला चौथ्या महिन्यात दिवस राहिले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘‘दोघींस्नी येकच दुखणं, मग गोळी येगळी का गं दिली?’’ त्यांच्या आवाजात संशय नव्हता, माझ्याबद्दलची हळहळ होती. त्यांना त्या दिवशी मी दोन वाक्यांत उत्तर दिले. पण खरे उत्तर लांबलचक आहे.

आधी त्या दुखण्याविषयी. सोनोग्राफीच्या अहवालात ‘पॉलिसिस्टिक’ हा शब्द वाचून बायका ‘अंडाशयात गाठी झाल्या’ असे म्हणतात, आणि गाठ म्हटले की पुढचा शब्द मनात आपोआप येतो. प्रत्यक्षात त्या गाठी नसतात. दर महिन्याला अंडाशयात अनेक बीजकोश, डॉक्टरांच्या भाषेत फॉलिकल, वाढू लागतात. त्यांतील एक पुढे जातो, वीस मिलिमीटरच्या आसपास पोहोचून फुटतो आणि बीज बाहेर पडते, बाकीचे विरून जातात. पीसीओएसमध्ये पुरुषी संप्रेरके वाढलेली असतात, पुष्कळ जणींच्या रक्तात इन्सुलिनही जास्त असते, आणि अशा वातावरणात हे कोश दोन ते नऊ मिलिमीटरवरच थबकतात. एकही पुढे सरकत नाही. पडद्यावर अंडाशयाच्या कडेने मोत्यांच्या माळेसारखे दिसणारे ते काळे ठिपके म्हणजे हे खोळंबलेले कोश. बीज तयार होत नाही असे नव्हे. त्याला शेवटचा टप्पा गाठता येत नाही. म्हणूनच या बायकांच्या उपचारात पहिले काम असते ते एका कोशाला, आणि शक्यतो एकाच कोशाला, तेवढा टप्पा ओलांडायला लावण्याचे.

माझ्या माहेरी ऊस आहे. वीज रात्री यायची, त्यामुळे वडील रात्री दारे धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला, जात आणि सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर जायची. नदीवरच्या मोटारीपाशी एक गडी बसलेला असे आणि वावराच्या टोकाला वडील. सरीला पाणी पोचले की वडील बॅटरी दाखवत आणि गडी मोटार बंद करी. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी म्हणजे तो मोटारीवरचा गडी. ती एफएसएच नावाचे संप्रेरक सोडते, ते अंडाशयातील कोशांना वाढवते, वाढणारा कोश इस्ट्रोजेन तयार करतो आणि ते इस्ट्रोजेन रक्तातून मेंदूकडे जाऊन ‘आता पुरे’ अशी खूण करते. सासूबाईंना मी हेच सांगितले होते, आणि त्यांनी आयुष्यभर उसाला पाणी पाजलेले असल्यामुळे त्यांना ते माझ्या नवऱ्यापेक्षा लवकर समजले.

क्लोमिफेन काय करते, तर मोटारीवरच्या गड्याचे डोळे बांधते. इस्ट्रोजेन असते, पण मेंदूतील ज्या जागी त्याची नोंद होते ती जागा हे औषध अडवून ठेवते. खूण दिसत नाही म्हणून गडी मोटार चालूच ठेवतो, एफएसएच वाढते आणि अडलेला कोश पुढे सरकतो. हे औषध १९५६ मध्ये अमेरिकेत तयार झाले, १९६१ मध्ये त्यामुळे बीजमोचन झाल्याचा, म्हणजे बीज सुटल्याचा, पहिला अहवाल प्रसिद्ध झाला आणि १९६७ मध्ये तेथे त्याला मान्यता मिळाली. तोपर्यंत या बायकांसमोर शस्त्रक्रियेखेरीज फारसे काही नव्हते, हे लक्षात घेतले की क्लोमिफेनला कमी लेखावेसे वाटत नाही. पण त्याची एक अडचण आहे. त्याचा एक भाग शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतो आणि डोळे बांधले जातात ते एकट्या पियुषिकेचे नव्हे. गर्भाशयाचे अस्तर जाड होते तेही इस्ट्रोजेनच्याच इशाऱ्यावर, आणि काही जणींच्या बाबतीत त्या अस्तरापर्यंतही इशारा पोचत नाही. बीज सुटते, पण त्याने रुजायचे तेथली माती पातळ राहते. शिवाय मोटार वेळेवर बंद न झाल्यामुळे कधी एकाऐवजी दोन-तीन सऱ्या भरतात, म्हणजे जुळ्यांची शक्यता वाढते.

माझ्या बाबतीत नेमकी अस्तराचीच अडचण आली. पहिले तीन महिने मला पन्नास मिलिग्रॅमच्या गोळ्या देऊन ‘पाळी आली की या’ एवढेच सांगण्यात आले. त्या तीन महिन्यांत एकदाही सोनोग्राफी झाली नाही. गोळीने बीज सुटले की नाही, हे पाहिल्याशिवाय तीच गोळी पुन्हा देणे म्हणजे बंद दारावर पत्ता न बघता टकटक करणे होय, आणि औषधांच्या दुकानात बसून मला ते कळायला हवे होते. मी विचारले नाही. घरातील कोणी विचारले नाही. चौथ्या महिन्यात दवाखाना बदलला, मात्रा शंभर झाली आणि नव्या डॉक्टरीणबाईंनी नवव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी सुरू केली.

तो नोव्हेंबर महिना होता आणि अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाचे दिवस होते. मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन देवीच्या पायांपासून वर सरकत मुखापर्यंत जातात. एखाद्या वर्षी ढग किंवा धुळीमुळे मध्येच विरतात, आणि गर्दीतून एक सुस्कारा उमटतो. मी सकाळी सोनोग्राफीच्या टेबलावर पडून आकडे ऐकत असे आणि संध्याकाळी आईबरोबर देवळाच्या मंडपात उभी राहत असे. अकरा, मग चौदा, मग साडेसतरा. त्या महिन्यात डाव्या बाजूचा कोश वीस मिलिमीटरपर्यंत गेला. मी आनंदाने उठू लागले, तेव्हा डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘अस्तर मात्र साडेपाचच आहे.’’ पुढचे पाच महिने हेच चालले : बीज सुटायचे, अस्तर पातळ राहायचे, पाळी यायची. डिसेंबरच्या थंडीत रंकाळ्यावर फिरताना अंगातून वाफा निघाव्यात तसे गरम व्हायचे आणि मी स्वेटर काढून हातात धरायची. या गोळ्यांचा हा नेहमीचा त्रास आहे, हे मी काउंटरवरून अनेकींना सांगितले होते. अंगावर घेतल्यावर त्याचा अर्थ कळला.

मग मला लेट्रोझोल का दिले नाही? कारण ऑक्टोबर २०११ पासून भारतात वंध्यत्वासाठी त्याच्यावर बंदी होती. या औषधाने बीजमोचन होते, हे टोरांटोच्या दोन डॉक्टरांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले होते. पण २००५ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका वैद्यकीय परिषदेत सादर झालेल्या एका सारांशाने घबराट उडवली. या गोळीनंतर जन्मलेल्या बाळांत जन्मजात दोष अधिक आढळतात, असे त्यात सुचवले होते. त्या पाहणीत बाळे अवघी दीडशे, आणि तुलना कोणाशी, तर सर्वसाधारण, कमी जोखमीच्या बाळंतपणांशी. तो अभ्यास पूर्ण शोधनिबंध म्हणून कधीच छापला गेला नाही. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, कॅनडातीलच ९११ बाळांचा अभ्यास आला. त्यात लेट्रोझोल आणि क्लोमिफेन घेतलेल्या दोन्ही प्रकारच्या वंध्यत्वग्रस्त मातांच्या बाळांची तुलना होती, आणि लेट्रोझोलच्या बाळांत दोष जास्त नव्हते. ही तुलना योग्य होती, कारण मुळात मूल होण्यास अडचण असलेल्या बायका दोन्ही बाजूंना होत्या. तरीही भीती टिकली. बंदी आल्यावर आमच्या दुकानात एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली : तीच स्ट्रिप त्याच खणात होती, कर्करोगासाठी ती देता येत होती, आणि चिठ्ठी स्त्रीरोगतज्ज्ञांची असेल तर नाही.

लेट्रोझोल गड्याचे डोळे बांधत नाही. ते काही दिवसांपुरते वडिलांच्या बॅटरीतील सेलच काढून घेते. पुरुषी संप्रेरकापासून इस्ट्रोजेन बनवणारे अरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम) हे औषध रोखते. शरीरातील इस्ट्रोजेन उतरते आणि पियुषिका एफएसएच वाढवते. इथपर्यंत परिणाम तोच. फरक पुढे आहे. या औषधाचे रक्तातील प्रमाण सुमारे दोन दिवसांत निम्मे होते, म्हणजे पाळीच्या मध्यापर्यंत ते जवळजवळ निघून गेलेले असते. सेल परत बसतात, वाढत्या कोशाचे इस्ट्रोजेन पियुषिकेला दिसते, मोटार वेळेवर थांबते आणि बहुधा एकच सरी भरते. गर्भाशयाच्या अस्तरालाही त्याचा इशारा मिळतो.

हे तर्काने पटणारे होते. पण उपचारात तर्क पुरत नाही. जुलै २०१४ मध्ये अमेरिकेतील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागले होते. कोणाला कोणती गोळी दिली, हे त्यांनाही माहीत नव्हते आणि डॉक्टरांनाही. जास्तीत जास्त पाच पाळ्यांच्या उपचारानंतर लेट्रोझोलच्या ३७४ स्त्रियांपैकी १०३ जणींच्या मांडीवर जिवंत बाळ आले, क्लोमिफेनच्या ३७६ पैकी ७२ जणींच्या. शंभरात साडेसत्तावीस आणि एकोणीस. गरम वाफा क्लोमिफेनने जास्त, थकवा आणि चक्कर लेट्रोझोलने जास्त. बाळांतील जन्मजात दोषांत लक्षणीय फरक नाही. भारतातील बंदी मात्र २०१७ मध्ये उठली. मधल्या तीन वर्षांत आपल्याकडच्या कितीतरी बायका जुन्याच गोळीवर राहिल्या, आणि त्याबद्दल मला आजही मनापासून वाईट वाटते. नियम करणाऱ्यांनी बाळाच्या सुरक्षिततेची काळजी करावी, हे मला मान्य आहे. पण शंकेवर बंदी घालणे जितक्या लवकर झाले, तितक्या लवकर पुराव्यावर ती उठवणे झाले नाही. २०१८ च्या आणि पुन्हा २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पीसीओएससाठी पहिले औषध म्हणून लेट्रोझोलचेच नाव आहे.

मात्र हेच आकडे उलट्या बाजूनेही वाचायला हवेत, आणि मी ते काउंटरवर आवर्जून वाचून दाखवते. चांगल्या गोळीनेही शंभरातील बहात्तर जणींना त्या पाच पाळ्यांत मूल झाले नाही. शिवाय त्या अभ्यासातील स्त्रियांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, सरासरी ३५ होता. आपल्याकडे पीसीओएस असलेल्या कितीतरी मुली त्यापेक्षा खूप सडपातळ असतात, म्हणून ते आकडे जसेच्या तसे आपल्या अंगावर चढवता येत नाहीत. आणि त्या अभ्यासात घेण्यापूर्वी नवऱ्याच्या वीर्याची तपासणी झालेली होती. आमच्या घरात ती माझ्या उपचारांच्या अकराव्या महिन्यात झाली. ती तपासणी साधी, स्वस्त आणि अर्ध्या तासाच्या कामाची आहे, तरीही माझ्या पोटात दहा महिने गोळ्या जात राहिल्यानंतर तिचा विचार झाला. अहवाल चांगला आला, म्हणून वेळ वाया गेली नाही असे सगळे म्हणाले. मला तसे वाटत नाही.

मेटफॉर्मिनचे थोडक्यात सांगते. ‘‘मला साखर नाही, मग साखरेची गोळी का?’’ हाही रोजचा प्रश्न आहे. इन्सुलिनचा जोर कमी करून पाळी नियमित होण्यास ती मदत करते, पण मूल होण्यासाठी एकटी ती कमी पडते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२६ स्त्रियांच्या अभ्यासात क्लोमिफेनने २२.५ टक्के, मेटफॉर्मिनने ७.२ टक्के आणि दोन्ही मिळून २६.८ टक्के स्त्रियांना बाळ झाले. वजन जास्त असणाऱ्यांनी पाच ते दहा टक्के कमी केले तरी काही जणींची पाळी आपोआप रुळावर येते. पण ‘आधी बारीक हो’ हे वाक्य तोंडावर फेकणे म्हणजे उपचार नव्हे.

गोळ्यांनी भागले नाही तेव्हा मला इंजेक्शने सुरू झाली. येथे गड्याला फसवण्याचा प्रश्नच नसतो; एफएसएच थेट बाहेरून दिले जाते. एकेकाळी ते इटलीतील मठांमधल्या वृद्ध साध्वींच्या मूत्रातून मिळवत, कारण रजोनिवृत्तीनंतर ते मूत्रात भरपूर उतरते. त्या इंजेक्शनांनी पहिले बाळ १९६२ मध्ये इस्रायलमध्ये जन्मले. पीसीओएसच्या अंडाशयात खोळंबलेल्या कोशांची गर्दी असते, म्हणून मात्रा अगदी कमी ठेवून, आठवडाभर थांबून, सोनोग्राफी पाहून थोडी थोडी वाढवायची असते. माझी मात्रा घाईने वाढवली गेली. बाराव्या दिवशी चौदा मिलिमीटरच्या वरचे सहा कोश होते, पोट ढोलासारखे टणक झाले होते आणि डॉक्टरीणबाईंनी त्या महिन्याचे उपचार तेथेच थांबवले. मी घरी येऊन रडले. आज मी त्यांचे आभार मानते. त्या स्थितीत बीज फोडण्याचे इंजेक्शन दिले असते, तर अंडाशय सुजून पोटात पाणी भरण्याचा आणि तिळ्या-चौळ्या गर्भांचा धोका होता. या उपचारात ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर मोठा असतो.

शेवटी फेब्रुवारी २०१४ मध्ये माझे दुर्बिणीचे ऑपरेशन झाले. अंडाशयाला विजेच्या सुईने चार-चार ठिकाणी टोचले. याचे मूळ १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांच्या कामात आहे. सात बायकांच्या अंडाशयांचा मोठा भाग त्यांनी कापून काढला, तेव्हा सातही जणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस राहिले. आजची पद्धत फार सौम्य आहे आणि तिच्यात जुळ्यांचा धोका वाढत नाही, पण भूल आहे, आतून चिकटण्याची शक्यता आहे आणि जास्त जाळले तर बीजांचा साठा घटतो. त्यामुळे ती पहिल्या पायरीवरची गोष्ट नाही. मला ऑपरेशननंतर पूर्वी निरुपयोगी ठरलेली पन्नासचीच गोळी लागू पडली आणि जूनमध्ये दिवस राहिले. पुढच्याच महिन्यात तो मोठा अभ्यास छापून आला, पण मी तो वाचला तीन वर्षांनी. मुलगी आता पाचवीत आहे.

जावेचे उपचार सुरू झाले तेव्हा मी तिच्याबरोबर प्रत्येक सोनोग्राफीला गेले. पहिल्या महिन्यात अडीचच्या गोळीने काही झाले नाही, दुसऱ्या महिन्यात पाचने एक कोश अठरापर्यंत गेला आणि अस्तर साडेआठ होते. तो आकडा ऐकून टेबलावर ती शांत पडून होती आणि खुर्चीत बसून मी रडत होते. ती म्हणाली, ‘‘ताई, अजून काही झालं नाही, तुम्ही आत्ताच का रडताय?’’

गारगोटीच्या त्या मुलीला मी हे सगळे सांगितले नाही. एवढेच सांगितले की, ही गोळी कर्करोग असलेल्या बायका वर्षानुवर्षे रोज घेतात, तुला ती पाच दिवस घ्यायची आहे आणि बाळ पोटात येण्याच्या आधीच ती शरीरातून बहुतेक गेलेली असेल. सोनोग्राफी कोणत्या दिवसापासून आहे आणि नवऱ्याची तपासणी झाली का, हे दोन प्रश्न विचारले. दुसऱ्यावर ती थांबली आणि मग म्हणाली, ‘‘सांगतो त्येला.’’ तेराव्या दिवशी दुपारी ती परत आली. या वेळी बाजूला थांबली नाही. काउंटरवर अहवाल उघडून बोट ठेवून तिने स्वतःच वाचला, ‘‘उजवीकडं अठरा.’’ मी फ्रिजमधून तिचे बीज फोडण्याचे इंजेक्शन काढले, बर्फाच्या दोन पाकिटांमध्ये ठेवून कागदात गुंडाळले. तिने ते रिकाम्या जेवणाच्या डब्यात बसवले, डब्याचे झाकण दोनदा दाबून पाहिले आणि चारची एसटी गाठायला ती स्टँडच्या दिशेने गेली.